नाल्याकाठची पट्टी

किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. लोकच आणून देतात. गावात एक तापट म्हातारा असला की बाकीच्यांना तेवढीच करमणूक. कुठं काही झालं की कुणीतरी फाट्यावरच्या बारीकरावच्या हॉटेलात येतो, माझ्यासमोर बसतो, चहा मागवतो आणि सुरू करतो, "नामदेवकाका, आइकलं का?" त्याला सांगायची घाई नसते. मला भडकलेला बघायची असते. असे किती साठले असतील, देव जाणे.

मी चौथी शिकलो आहे. लांबण लावत नाही.

एवढंच आधी माहीत असू द्या. गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचं जंगल आहे. खालच्या अंगाला मारोतीच्या देवळापाशी जुने उंबर, वड, जांभळं. मधे सगळी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी. वरच्या जंगलाला खालच्या झाडांशी जोडणारी एकच गोष्ट उरली आहे, नाल्याकाठची झाडांची पट्टी. तिचा वरचा अर्धा भाग माझ्या वावरात, खालचा अर्धा शेजारच्या शंकरच्या.

धनेश आणि हरियल डोंगरातून त्या पट्टीनं खाली उतरतात. फळं खातात, परत जातात. येता-जाता बी टाकतात. धनेश जड पाखरू. चार पंख मारणार, तरंगणार, मग त्याला बसायला झाड पाहिजे. उघड्या पऱ्हाटीवरून तो जायला मागत नाही. पट्टी गेली की पाखरं वरच्या वर आणि झाडं खालच्या खाली.

मला ती पट्टी ठेवायची आहे. शंकरला ती काढून पऱ्हाटी लावायची आहे. भांडण एवढंच. बाकीचे सगळे मजा बघणारे!

*

देवळासमोरच्या गायरानात पूर्वी दाट झाडी होती. गावानं ती काढली. कुणी दरवाजाला नेली, कुणी चुलीत घातली. उंबराला मात्र कुणी हात लावला नाही. उंबर दत्ताचा. मग सभोवतालचं सगळं कापून मधे एक उंबर ठेवला, त्याला सिमेंटचा ओटा बांधला, भगवा रंग दिला. आम्ही देवाचं झाड राखलं म्हणून सगळे खूश.

मी म्हणालो, "घर पाडलं आन् उंबरा राखला तुमी!"

कुणी ऐकलं नाही.

पाखरं यायची बंद झाली. आजूबाजूला बसायला झाड नाही, वर लाउडस्पीकर. यायची कशाला? उंबराला फळ मात्र पहिल्यासारखंच लागलं. खायला कुणी नाही. सगळं ओट्यावर पडून सडू लागलं. माशा घोंगावू लागल्या. पंचायतीत शंकर उभा राहिला. "उंबर घान करून राह्यला," म्हणाला. "काही बंदोबस्त करा."

तुळशीराम म्हणजे आमच्यातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात आगाऊ. तो म्हणाला, "पाखरं व्हती तवा पाखरं घान करत व्हती. आता उंबर घान करते. शंकऱ्या, तुह्याशिवाय या गावात कोनी चोखा हाये का?"

बंदोबस्त झाला. फांदी तोडायची नाही, कारण झाड देवाचं. म्हणून ओट्यावर टीनाचं छप्पर टाकलं.

गुरुवारी भजन बसलं. अभंगाला रंग चढला आणि वरून फळं पडायला लागली. टण! टण टण! टण! मृदंगवाला एका तालात, उंबर दुसऱ्या तालात. टाळकरी उंबराच्या मागं गेले. बुवा चिडले. अभंग मधेच सोडून म्हणाले, "याले तरी थांबवा, नाई तं मले!"

आता भजन शाळेच्या व्हरांड्यात होतं. देव टीनाखाली एकटाच बसून टण टण ऐकतो.

*

पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम असतो. एका वर्षी जो सुपरवायझर आला, तो माणूस चांगला होता. खोटं कशाला बोलू? त्यानं रस्त्याच्या कडेला लावायला आणलेली रोपं मी बघितली. सगळी शोभेची. साहेबाला आमच्याकडं सारू म्हणतात. मी विचारलं, "सारू, याला फळ येतं का?"

"नाही काका. कचराच होत नाही."

"गुरं खात नाहीत, पाखरं खात नाहीत. मग ही लावायची कुणासाठी?"

तो भांडला नाही. "तुम्ही सांगा, काय आणू?" म्हणाला. मी सांगितलं, जांभूळ, उंबर, चारोळी. पुढच्या खेपेला त्यानं शोधून जांभळाची रोपं आणली. मला वाटलं, आता गाव तरी खूश होईल.

गाव पेटलं! एक म्हणाला, पोरं चढतील, पडतील. दुसरा म्हणाला, मोटारसायकलच्या सीटला डाग पडतील. सगळ्यांत मोठा आवाज बारीकरावचा. त्याच्या हॉटेलासमोर एक जांभूळ लावलं होतं.

"काका, तुमाले काय जाते बोलाले? माह्या खुर्च्या पांढऱ्या हायेत!"

"अबे, जांभूळ मोठं होईपर्यंत तुह्या खुर्च्या राहतीन का?"

"राहतीन. ग्यारंटीच्या हायेत."

सुपरवायझर माझ्याकडं बघत राहिला. मला त्याच्याकडं बघवेना.

बारीकरावनं ते रोप उपटलं. त्या जागी कुंडीत प्लास्टिकचं झाड आणून ठेवलं. रोज सकाळी तो फडक्यानं त्याची पानं पुसतो. मी एकदा म्हणालो, "पानी काऊन नाई घालत त्याले?" तर म्हणाला, "घालतो ना. धूळ बसली का घालतो."

*

शंकरच्या आणि माझ्या वावरात एक धुरा आहे, म्हणजे बांध. शंकरनं त्याच्यावर तारेचं कुंपण केलं. खांब लोखंडी, तार नवी. आता तार म्हटली की पाखरू बसणार. बुलबुल, मैना, कोकीळ. माझ्या पट्टीतली फळं खाऊन यायची, तारेवर बसायची आणि व्हायचं ते व्हायचं. दोन पावसाळ्यांत तारेखाली रोपांची सरळ ओळच उभी राहिली. कडुनिंब, बोर आणि मधे मधे चंदन!

चंदन दिसल्यावर शंकरचं प्रेम जागं झालं. "तार मायी, झाडं मायी."

मी म्हणालो, "बी माह्या झाडाचं. पाखरू माह्या झाडावरून उठलं."

प्रकरण पंचांपुढं गेलं. हसू नका. आमच्याकडं धुऱ्यावरून डोकी फुटली आहेत. पंचांनी गंभीर तोंड करून दोघांचं ऐकलं. तार कुणी लावली, बी कुणाचं, धुरा कुणाचा, जमिनीच्या जुन्या उताऱ्यात, पहाणीत, काय लिहिलं आहे. दुपार झाली. शेवटी तुळशीराम मागून उठला.

"म्या एक विचारू का? पाखरू तारेवर बसलं तवा त्याचं तोंड कोनीकडं व्हतं?"

"म्हंजे?" सरपंच म्हणाले.

"तोंड शंकरच्या वावराकडं असन, तं बाकीचं सारं नामदेवच्या वावरात पडलं. बलवा पाखराले साक्षीले!"

पंचायत हसून हसून उठली. ठरलं एवढंच की झाडं कुणी तोडायची नाहीत.

शंकरनं तोडली नाहीत. दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेतला आणि सगळ्या ओळीवर तणनाशक मारलं. मला नाही तर तुलाही नाही. चंदनासकट सगळी ओळ पिवळी पडून वाळली. मी तारेपाशी उभा राहून जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

चार दिवसांनी शंकरच्या पऱ्हाटीची पाच-सहा तासंही, ओळीच्या ओळी, पिवळी पडली. पाखराचं तोंड कुठं होतं, हे सगळ्या गावानं विचारलं होतं. वाऱ्याचं तोंड कुठं होतं, हे शंकरनं विचारलं नव्हतं.

*

तुळशीरामचा जावई नागपूरकडचा. एका सणाला छर्र्याची बंदूक घेऊन आला. त्याला हरियल खायचे होते. जावई म्हटल्यावर सासरा नाही कसा म्हणणार? एरवी सगळ्या गावाची टोपी उडवणारा तुळशीराम त्या दिवशी जावयामागं पाण्याची बाटली घेऊन चालत होता.

मला बातमी बारीकरावनं आणली. अर्थात मजा बघायला. मी तसाच उठलो.

पट्टीतल्या वडावर थवा होता. पण हरियल पानाच्या रंगाचा. माणूस आला की जागचा हलत नाही. झाडावर आहेत हे आवाजावरून कळतं आणि दिसत एकही नाही. जावई मान वर करून वडाभोवती फिरत होता. शेवटी वैतागून त्यानं पानांत अंदाजानं बार काढला.

थवा उडाला. एकही पडला नाही. पलीकडून काच फुटल्याचा आवाज आला. तुळशीरामच्या विहिरीवरच्या मोटारीची सोलर प्लेट!

तुळशीरामनं पाण्याची बाटली खाली ठेवली. रडावं की हसावं कळेना. मी म्हणालो, "बोल ना आता! दुनियेले बोलते."

"जावई हाये, बापा. काय बोलू?"

मी बोललो. माझा जावई नव्हता तो. त्याच्या हातातली बंदूक काढून घेतली.

"ओ काका, ते मायी हाये!"

"व्हय, तुमचीच हाये. दिवाळीले या आन् गावासमोर मागून न्या."

दिवाळीला त्यानं बायकोला एकटीलाच पाठवलं. बंदूक माझ्या माळ्यावर गंजते आहे.

*

दीपिका नावाची मुलगी हैदराबादहून आली होती. पाखरं कोणती फळं खातात आणि बी कुठं टाकतात, त्याचा अभ्यास. पट्टीतल्या झाडांखाली पांढरी कापडं अंथरायची. त्यांच्यावर पाखरांनी जे टाकलं असेल ते गोळा करून धुवायची आणि बी निराळं काढायची. आधी गावाला वाटलं, करणी करते आहे. मग वाटलं, यात सोनं सापडत असेल. दोन-तीन जणांनी घरच्या चादरी आणून अंथरल्या. जे मिळायचं तेच मिळालं!

धुवायला तिनं बारीकरावकडून चहाची गाळणी मागून नेली. कशाला पाहिजे, ते त्यानं विचारलं नाही. काम झाल्यावर तिनं इचोड्याच्या बाजारातून नवी गाळणी आणून दिली आणि जुनी परत केली. स्पष्ट सांगितलं, "काका, पुरानी वाली फेंक देना. उसमें चिड़िया की बीट छानी है।"

"धोयी ना?"

"धोयी है, लेकिन..."

"बस. धोयी मतलब हो गया।"

नवी गाळणी त्यानं खिळ्याला टांगली, चांगल्या गिऱ्हाइकांसाठी. आम्ही रोजचे. एक दिवस माझ्या कपाच्या तळाशी गोल काळं बी निघालं. मी बोटावर घेऊन त्याला दाखवलं.

"इलायची हाये, काका," म्हणाला. "स्पेशल!"

चंदनाचं बी मी ओळखत नाही का? कप त्याच्या पांढऱ्या खुर्चीवर ओतला आणि उठलो.

त्या मुलीची मात्र मला कदर होती. उन्हात उभी राहायची. तिनं काही कापडं उघड्या पऱ्हाटीतही अंथरली होती. तिथल्या कापडावर धूळ आणि औषधाच्या पुड्यांचे तुकडे. पट्टीतल्या कापडावर बीच बी. मला म्हणाली, "दादाजी, ये पट्टी गयी तो पंछी नीचे नहीं उतरेंगे। फिर नीचे वाले पेड़ों का बीज कौन ले जाएगा?"

मी म्हणालो, "हमको मालूम है। शंकर को बताओ।"

ती गेली. शंकरनं तिला खाटेवर बसवलं, चहा दिला, कापडं बघितली, सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, वळतो आता. शेवटी म्हणाला, "मॅडम, पंछी को पंख दिया है भगवान ने, वो कहीं भी जाएगा। तीन लड़के हैं मेरे, वो किधर जाएंगे? जमीन तो उतनीच है।"

तिनं कापडांची घडी घातली. परत येऊन मला म्हणाली, "वो गलत आदमी नहीं है, दादाजी।"

मला त्याचाच राग आला. शंकर नुसता हरामखोर असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

*

उन्हाळ्यात जेसीबी आणतो, असं शंकरनं हॉटेलात जाहीर केलं. मी कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. दुपारपर्यंत उभा राहिलो. मग साहेब म्हणाले, "जमिनीचा पट्टा त्याच्या नावावर आहे, बाबा. तरी दरखास्त द्या. जागेवर मौका बघायला माणूस येईल."

"केव्हा?"

"झाडं काढली की कळवा."

"झाडं काढल्यावर मौक्यावर काय बघणार?"

"काढली की नाही, ते."

मी दरखास्त दिली नाही. चपला घातल्या आणि निघालो.

*

आणि गेल्या उन्हाळ्यात शंकरनं खरोखर जेसीबी आणला.

सकाळीच आवाज आला. मी काठी घेऊन धावलो. मागं तुळशीराम, त्याच्यामागं बारीकराव, हॉटेल उघडं टाकून. जेसीबी शंकरच्या वावरात होता. तिथं पाऊल टाकायचा मला हक्क नव्हता. मी धुऱ्यावर उभा राहिलो. काठी जमिनीत रोवली. रागानं. वयानं नाही.

ड्रायव्हर परमुलखातला, डोक्याला गमछा बांधलेला. मशीन पहिल्याच झाडाकडं वळलं. जुना मोहा, दोघांच्या कवेत न मावणारा. बकेट वर उचललं आणि मोह्यामागून शंकरची बायको पार्वती पुढं आली. पट्टीत काड्या वेचत होती. काड्यांचा भारा खाली टाकला आणि झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"मशीन बंद करा. आत बाळंतीन हाये."

ड्रायव्हरनं घाबरून इंजिन बंद केलं. शंकर ओरडला, "कोन बाळंतीन? कुठं?"

तिनं वर बोट केलं. खोडात ढोली होती. तिचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं, फक्त बोटभर फट. फटीत चोचीचं टोक. धनेशाची मादी. अंडी घालायला ती आत शिरते, दार लिंपून स्वतःला कोंडून घेते. पिलं होईपर्यंत बाहेर येत नाही. बाहेरून नर आणून देईल तेच खायचं. त्याला काही झालं तर आत सगळा कारभार संपला.

आम्ही सगळे माना वर करून उभे. बराच वेळ गेला. मग पट्टीच्या वरच्या अंगानं, माझ्या झाडांवरून, नर आला. फटीपाशी लोंबकळला. घशातून एकेक उंबर काढायचा आणि आत द्यायचा.

"पाहून घ्या," पार्वती नवऱ्याला म्हणाली. "दिवसभर आनून देते तो. तीन बाळंतपनं झाली मायी. एक घास तरी आनून देल्ला का तुमी? इचोड्याच्या बाजारातून स्वताच भजे खाऊन येत व्हते!"

तुळशीरामला हसू आवरेना. बारीकरावनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"पाखरू हाये ते, पार्वती!"

"असो. सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतिनीले घराबाहेर काढत नाई. तुमच्या मायनंच शिकोलं मले. आन् बाळंत व्हाले आपल्याच वावरात आली, म्हंजे माहेरालेच आली ना? माहेरातून हाकलता का तिले?"

शंकरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला दिसेल असा उभा होतो. काठी खाली ठेवली. शंकरला तीन मुलगे आहेत. त्या घरी बाळंतपणाला कधी कुणी माहेरी आलेलं नाही.

ड्रायव्हरचा धीर सुटला. "सेठ, माताजी क्या बोल रही हैं? काम करना है कि नहीं?"

शंकरनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"काम नहीं होगा। घर में डिलीवरी है।"

"किसकी?"

"बेटी की।"

"अरे, पहले बोलते ना! मुबारक हो!" ड्रायव्हर खूश होऊन खाली उतरला. "क्या हुआ, लड़का कि लड़की?"

शंकरनं फटीकडं बघितलं. चोचीचं टोक जरासं हललं.

"अभी दरवाज़ा बंद है," तो म्हणाला.